अहेव नवमीचं पान

म्हाळसाबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. कुणाच्या कालवणात मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगायची, आणि कुणाची सून आळशी निघाली तर सासूच्या आधी हिला कळायचं. वडगाव रासाईतल्या बाया तिच्या जिभेला भिऊन पाणवठ्यावरून वाट बदलायच्या. पण सगळ्या जन्मात ती एक खोटं बोलली होती, आणि ते असं ठोकून बसवलं होतं की सहा वर्षं झाली तरी कुणाला खिळा दिसला नव्हता.

खोटं असं, की सून अंजना मेली.

अंजना जिवंत होती. दौंडात होती. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं पटापटा मेली, दीडशेतली अकरा उरली, तेव्हा म्हाळसाबाई, मुलगा मच्छिंद्र, सून आणि पाच वर्षांची नात रंभा असं बिऱ्हाड दौंडाजवळ सरकारी कामावर खडी फोडायला गेलं होतं. तिथं एका दुपारी म्हाळसाबाई सरकारी सुकडी वाटायच्या रांगेत तीन तास उभी राहिली आणि हात हलवत माघारी आली, तर सून काय करत होती? शेजारच्या टोळीतल्या चांगुणाच्या डब्यातली भाकरी खात होती. स्वतः खात होती आणि पोरीलाही भरवत होती. चांगुणा बौद्धवाड्यातली. म्हाळसाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पोर तीन दिवसांची अर्धपोटी होती हे तिला दिसलं नाही, डबा तेवढा दिसला.

"माझ्या उंबऱ्याच्या आत आता पाय ठिवायचा न्हाई!"

उंबरा कसला? चार काठ्या आणि वर गोणपाट. पण अंजनाही काही मऊ मातीची नव्हती. "बरं," एवढंच म्हणाली आणि पोर तिथंच ठेवून चांगुणाच्या पालाकडं गेली. दोन दिवसांत म्हातारीचा राग उतरेल असं तिला वाटलं असणार. म्हाळसाबाईनं दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूलाच पाल मोडलं, झोपलेली पोर पाठीला बांधली, आणि आपल्या वारलेल्या भावाच्या जमिनीवर वडगावला येऊन राहिली. मच्छिंद्र मान खाली घालून मागून आला. आईपुढं ब्र काढायची त्याची टाप नव्हती. पुढं तो मेंढरं घेऊन माळामाळानं हिंडायला लागला आणि बोलायचं ते मेंढरांशीच बोलायला लागला.

वडगावच्या बायांनी विचारलं, "सून कुठंय?" तर म्हाळसाबाईच्या तोंडून निघून गेलं, "पटकीनं गेली." टाकली म्हणावं तर का टाकली ते सांगावं लागतं. पळाली म्हणावं तर घराला बट्टा. मेली म्हटलं की लोक दोनदा चुकचुकतात आणि गप होतात.

गप झाली नाही ती रंभा. "आई कवा येनार?" भाकरी थापताना विचारायची, अंगावर पाणी घालताना विचारायची. वर्षभर विचारत राहिली. मग म्हाळसाबाईनं तो उपाय केला. भादव्यात पितरं येतात, त्यातली अहेव नवमी नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईची. त्या दिवशी तिनं सगळा स्वयंपाक केला, केळीच्या पानावर वाढला, घरामागच्या पत्र्यावर ठेवला आणि पोरीला हाताला धरून दाखवलं. "ही बघ तुझी आई. कावळा हून येती आन् जेवून जाती. आता इचारायचं न्हाई."

जित्या सुनेच्या नावानं पान. पण पोर गप झाली. पुढच्या वर्षी पुन्हा पान. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

कावळा एकदाही शिवला नाही. शेजारच्या सखूबाईच्या पत्र्यावर कावळ्यांची झुंबड, आणि हिच्या पत्र्यावर एक फिरकेल तर शपथ. दरसाल ऊन कलायला लागलं की म्हाळसाबाई पोरीला काहीतरी काम सांगून पाठवायची आणि पान गुपचूप गाईपुढं टाकायची.

आता रंभा अकरा वर्षांची झाली होती. उंच झाली होती, अंजनासारखीच मान तिरकी करून बघायची. ती तशी बघायला लागली की म्हाळसाबाई नजर चुकवून दुसरंच काम काढायची. पोरीला कळलं तर? कळलं आणि उठून आईकडं गेली तर? मग ह्या घरात आपल्याला "आजे" म्हणून हाक मारायला उरलं कोण?

त्या साली शाळेत साहेबराव मास्तर आला होता. वरवंडचा तरणा पोरगा, तोही बौद्धवाड्यातला. म्हाळसाबाई त्याला अहो-जाहो करायची, पण त्याच्या हातचं पाणी प्यायची नाही. मास्तर पुण्याच्या कुठल्याशा शिबिरातून नवीनच खूळ शिकून आला होता. अहेव नवमी आठवड्यावर आली तेव्हा तो घरोघर सांगत फिरला.

"आजी, रविवारी दुपारी शाळेत नाटक हाय. या."

"रातीच्याला न्हाई? आन् पडदा कुठं बांधनार?"

"पडदा न्हाई, स्टेज न्हाई. बघणारे पंधरा, तेवढेच. आन् तुम्हीच नाटकात काम करायचं."

"मी? माझी काय नाचायची हौस राहिलीय व्हय मास्तर?"

"नाचायचं न्हाई. लहान व्हायचं."

म्हाळसाबाई हसली. पण मागं रंभा उभी होती, आणि तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "आजे, ये," एवढंच म्हणाली. पोरीनं कधी काही मागितलं नव्हतं. जायचं ठरलं.

रविवारी चौथीच्या वर्गाची बाकं बाहेर काढली होती. खिडक्यांना गोणपाटं लावून उजेड कमी केला होता. दारात मास्तर उभा. "चपला इथं काढा. आन् मोठेपणाची जी काय वस्तू असंल ती पण इथंच ठिवा."

चांगदेव आप्पानं पटका काढला आणि टक्कल उघडं पडलं तशी पोरं फिसफिसली. आप्पा पंचायतीत बसणारा माणूस. "मास्तर, ही काय थट्टा चालवलीय?" म्हणत राहिला, पण पटका ठेवला. सखूबाईनं कनवटीची तपकिरीची डबी ठेवली. म्हाळसाबाईनं कंबरेचा चाव्यांचा जुडगा काढला. पंचवीस वर्षं तो कंबरेला होता. काढल्यावर चालताना आवाज येईना, तर तिला आपल्या जागी दुसरीच कुणीतरी चालतेय असं वाटलं.

मास्तरनं एकदाच सांगितलं. "आत गेल्यावर मोठी माणसं लहान, आन् लहान पोरं मोठी. तुमचं पोर तुमचं आई-बाप, आजा-आजी. ते म्हणंल ते ऐकायचं. घरी तुम्ही त्याच्याशी बोलता तसंच ते तुमच्याशी बोलंल. हेच नाटक."

रंभानं आजीचा हात धरला. सुरकुतलेला हात त्या बोटांत मावत नव्हता.

"तुझं नाव काय होतं गं लहानपनी?" रंभानं विचारलं.

"म्हाळसा."

"ते मोठेपनी. तवा काय म्हनायचे?"

म्हाळसाबाईला आठवायला वेळ लागला. "म्हाळू," ती म्हणाली. पन्नास वर्षांत ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

"चल म्हाळू. पाय पुस. किती धूळ आणलीस, खेटरं काढून मारू का?"

आवाज म्हाळसाबाईचा. शब्द म्हाळसाबाईचे. पोरीनं एक हात कमरेवर ठेवला होता आणि गालात तंबाखू असल्यासारखा एक गाल फुगवला होता. बाकीची पोरं हसली. म्हाळसाबाईलाही हसू आलं. आपण अशा दिसतो?

खोलीला चार कोपरे, एकेका कोपऱ्यात एकेक काम. पहिल्या कोपऱ्यात एक मोठी परात. गावातल्या सगळ्या पोरांनी आपापल्या घरून एकेक चतकोर आणून त्यात कुस्करला होता, वर गूळ. पोरांनी मोठ्यांना भरवायचं. म्हाळसाबाईनं बघितलं. कुणाच्या घरची भाकरी कुठं गेली ते देवालाही ओळखू आलं नसतं. तिनं ओठ मिटले.

"आ कर."

"मला भूक न्हाई."

"न्हाई म्हनायचं न्हाई. पोटात काय नसलं की मानूस कुनाचं पन खातं. आ."

हे वाक्य म्हाळसाबाईचं नव्हतं. ती पोरीकडं बघत राहिली. मग तिनं तोंड उघडलं. घास गोड होता. पलीकडं चांगदेव आप्पाचा नातू आप्पाला ओरडत होता, "नीट चाव, ढोरासारखा गिळू नको!" आणि आप्पा खरंच सावकाश चावायला लागला होता.

दुसऱ्या कोपऱ्यात सागरगोटे. म्हाळसाबाई खाली बसली, एक उडवला, दोन झेलले, आणि तिला हौस आली. पाच झेलले तशी ती पोरीकडं बघून दात नसलेलं तोंड उघडून हसली. "बघितलंस?" रंभानं तिच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्या वेळात ती खरंच कुणाची तरी लहान पोर झाली होती, आणि ते बरं वाटत होतं, हे तिनं घरी जाऊन कुणाला सांगितलं नसतं.

तिसऱ्या कोपऱ्यात फक्त चटया. इथं आलं की लहानानं एक प्रश्न विचारायचा, आणि मोठ्यानं घरात मिळतं तसंच उत्तर द्यायचं.

"काय इचारू?" म्हाळसाबाई म्हणाली. "जत्रंला नेशील का गं मला?"

"ते न्हाई," रंभा म्हणाली. आता तिनं गाल फुगवला नव्हता. "मी जे लई इचारायची, ते इचार."

म्हाळसाबाईनं इकडंतिकडं बघितलं. शेजारच्या चटईवर सखूबाई होती, तिचं नाक इकडंच होतं. उठून जावं, असं मनात आलं. पण चाव्या दारात पडल्या होत्या, आणि पोरीनं हात धरला होता.

"आई..." ती म्हणाली. "आई कवा येनार?"

रंभानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आई देवाघरी गेली, बाळा. पटकीनं गेली. तुझ्यासाठी कावळा हून येती. तिचं पान ठिवलंय ना आपुन? आता इचारायचं न्हाई."

शब्द न् शब्द तोच. सखूबाईनं पदरानं डोळे पुसले. "काय गुणाची पोर गं," ती पुटपुटली.

म्हाळसाबाईला वाटलं, संपलं. पण तिच्यातली ती म्हाळू, सागरगोटे झेललेली, ती गप बसेना. "तुला खरं वाटतं का गं हे?" तिनं विचारलं.

रंभानं सखूबाईकडं बघितलं. मग अगदी बारीक आवाजात, सखूबाईला ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "न्हाई. पर खरं सांगितलं तर तू रडशील, म्हनून असंच सांगते."

हे कोण बोललं? आजी झालेली पोर बोलली, की पोरच बोलली? म्हाळसाबाईनं तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिला कळलं की दोन्ही एकच आहे. आपण पोरीला सांभाळतोय असं आपल्याला वाटत होतं, तेव्हा पोर आपल्याला सांभाळत होती.

चौथ्या कोपऱ्यात दार होतं. मोठं झालेल्या पोरांनी तिथं लहानाचा हात सोडायचा आणि त्याला एकट्याला बाहेर जाऊ द्यायचं, असा खेळ होता. रंभानं हात सोडला नाही. मास्तर म्हणाला, "रंभे, सोड आता." तिनं मान हलवली. दोघी तशाच बाहेर आल्या. म्हाळसाबाईनं चाव्या उचलल्या, पण कंबरेला लावल्या नाहीत.

"मास्तर," ती म्हणाली, "हे खूळ पुन्हा करू नका."

मास्तरचं तोंड उतरलं. "आजी, काय चुकलं का?"

"चुकलं न्हाई. म्हनून तर."

घरी जाताना भीमेच्या काठानं वाट होती. पाणी चढलेलं, गढूळ. म्हाळसाबाई चार पावलं पुढं गेली आणि थांबली.

"कवापासनं?"

"दोन वरसं झाली." रंभा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "शिरूरच्या बाजारात. तू घोंगड्यांच्या भावासाठी एका गिऱ्हाइकाशी भांडत हुतीस. मी ढिगापाशी बसलेली. एक बाई आली, म्होरं बसली, माझा भांग सारखा केला. मला तोंड वळखू आलं न्हाई, पर हात वळखला."

म्हाळसाबाईनं डोळे मिटले. आईवेगळं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर त्याच्या पाठीला तिचंच दूध चोळतात, मग वासानं ती त्याला आपलं मानते. तिनं पोरीला सहा वर्षं आपल्या लुगड्यात गुंडाळून निजवलं होतं. वाटलं होतं, वास बदलला.

"काय म्हनाली?"

"म्हनाली, दौंडात ऱ्हाते, रेल्वेच्या चाळीपाशी, चांगुणामावशीजवळ. दवाखान्यात आया हाय. चल येतीस का, म्हनाली."

"मग?"

"मी म्हनाले, आजी एकटी हाय."

म्हाळसाबाईच्या तोंडाला त्या गावात कुणी कधी कुलूप लावू शकलं नव्हतं. त्या अकरा वर्षांच्या पोरीनं लावलं.

"आन् दोन वरसं पान ठिवलंस माझ्यासंगं?"

"तू एवढा सैपाक करायचीस. वडे, खीर. मी कावळ्याला मनातल्या मनात म्हनायची, नगं येऊ, नगं येऊ. तो आला असता तर..." रंभाचा आवाज फुटला. पुढचं म्हाळसाबाईला कळलं. त्या बाजारानंतर आई अजून जिवंत असल्याचा पोरीला एकच पुरावा होता, तो म्हणजे न शिवलेलं पान. आणि तेच पान बघून आजीला दरसाल भीती वाटायची.

नवमीपर्यंतच्या दोन दिवसांत म्हाळसाबाई कुणाशी भांडली नाही. सखूबाई दोनदा चौकशी करून गेली, तब्येत बरी आहे ना म्हणून.

नवमीला सकाळी तिनं चूल पेटवली. हातानं सवयीनं डाळ भिजवली होती, तांदूळ निवडले होते. खीर झाली, वडे झाले. रंभा मागच्या दारातून केळीचं पान धुऊन घेऊन आली आणि उभी राहिली. वाढू का, असं विचारत नव्हती. नुसती उभी.

म्हाळसाबाईनं पान घेतलं. त्याच्याकडं बघितलं. मग सगळा स्वयंपाक घमेल्यात ओतला, खीर, वडे, सगळं, आणि गाईपुढं नेऊन ठेवला.

"आजे! एवढं?"

"ते मेल्याच्या नावानं शिजलं. जित्या मानसाला ते न्यायचं नसतं." ती पुन्हा चुलीपुढं बसली. पीठ मळलं. बाजरीच्या सहा भाकरी थापल्या, तव्यात मिरची भाजून ठेचा केला, आणि सगळं धडप्यात बांधून गाठ मारली. लुगडं बदललं. तोवर रंभाच्या तोंडाचा रंग गेला होता.

"कुठं?"

"फाट्यावर. चौफुल्याची गाडी नवाला असती ना? तिथनं दौंडला."

पोर आनंदानं उडेल असं म्हाळसाबाईला वाटलं होतं. रंभा भिंतीला चिकटली. "मला तिथं ठिवून येनार?"

ठेवून येणार नाही, म्हणावं तर अंजनाची पोर अंजनाला द्यायची नाही असं होतं. ठेवून येणार, म्हणावं तर जीभ वळत नव्हती. आणि गेल्यावर अंजना दारात तरी उभी करेल का? सहा वर्षं मेलेली म्हणून गावभर सांगितलेली बाई समोर येऊन म्हणाली, की बाई गं, कुणाच्या उंबऱ्यात आलीस, तर? उंबरा चांगुणाचा. तो ओलांडल्याशिवाय सून भेटत नव्हती.

"मला ठाव न्हाई," म्हाळसाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. "आधी तोंड दाखवू."

दोघी निघाल्या. वाटेत सखूबाईच्या पत्र्यावर कावळे जमले होते. "म्हाळसाबाई, पान ठिवलं का?" तिनं आतून विचारलं. "दुपार व्हायच्या आत ठिवा, हां."

"न्हाई ठिवलं," म्हाळसाबाई म्हणाली. "सून जिती हाय माझी. तिलाच भेटाया चाललेय."

मागं भांडं पडल्याचा आवाज आला. म्हाळसाबाईनं वळून बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल, हे तिला माहीत होतं. तिनं तसं व्हावं म्हणूनच मोठ्यानं सांगितलं, नाहीतर चौफुल्यापासून माघारी फिरायला जागा उरली असती.

एस.टी. आली. धुरळा उडाला. कंडक्टरनं दार उघडून घाई केली, "चला आजी, चला." रंभा वर चढली. म्हाळसाबाईनं दांडी धरली, एक पाय उचलला, आणि पाय पायरीवर जाईना. गुडघा दुखत नव्हता. नुसता जाईना. चाव्यांचा जुडगा घरी राहिला होता. कंबर हलकी हलकी लागत होती.

कंडक्टर कुरकुरला. माणसं खिडकीतून बघायला लागली.

रंभा वाकली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, भीतीच होती, तरी तिनं हात पुढं केला.

"म्हाळू," ती हळूच म्हणाली. "चढ."